सहा रिकाम्या कॅसेट

बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी आम्ही दुबईतल्या करामा भागातल्या घरातले सामान विकले. सकाळी आठ वाजता दार उघडले, मध्ये जुम्म्याच्या नमाजासाठी दोन तास बंद ठेवले, संध्याकाळी पाचला विक्री संपली. त्या दिवशी मी सहा रिकाम्या कॅसेट दहा दिरहमला विकल्या. त्यांतली एक रिकामी नव्हती. तिच्यात बाबांचा आवाज होता. ती त्यांनी गावी आत्यासाठी भरली होती आणि तोपर्यंत ती कोणीही ऐकलेली नव्हती.

मी सोळा वर्षांची होते, ऊद मेथाच्या शाळेत अकरावीत. बाबा अॅल्युमिनियमची दारे-खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी ते गोदामातच कोसळले. दहन दुबईतच झाले. आईचा आणि माझा व्हिसा त्यांच्या व्हिसावर होता. कंपनीतून सरकारी कामे बघणारा माणूस घरी आला, त्याने चहा घेतला नाही, उभ्याउभ्याच सांगितले की तीस दिवस आहेत, तिकिटे कंपनी देईल, सामानाचे तुमचे तुम्ही बघा. जाताना त्याने छातीवर हात ठेवला. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही अकरा वर्षे राहिलो होतो.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केले नव्हते, गुहागर तालुक्यातल्या गावी एकटीच राहायची. काचबिंदूने तिची नजर गेली तेव्हा बाबांनी तिला पत्रे लिहिणे थांबवले, कारण ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत आणि वाचणारा गावभर सांगत सुटे. त्याऐवजी ते कॅसेट भरून पाठवू लागले. गल्फमधल्या पुष्कळ घरांत तेव्हा हीच पद्धत होती. आमच्याकडे अशा दोन कॅसेट होत्या. एक आत्याकडे असे, तेव्हा दुसरी आमच्याकडे. सुट्टीवर जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून ती जायची, तिकडे ऐकून झाली की आत्या तिच्यावरच आपले बोलणे भरायची आणि ती परत यायची. जुने पुसून नवे भरायचे. म्हणून त्या कॅसेटवर कधी काही लिहिलेले नसे, आणि वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन तुकडे, जे मोडले की पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही, ते कधी मोडलेले नसत. कॅसेट भरताना बाबा बेडरूमचे दार लावून घेत. लाजत असावेत. बाहेर आम्हाला एसीची घरघर आणि मधूनमधून त्यांचा खाकरा तेवढा ऐकू येई.

शेवटची कॅसेट त्यांनी बुधवारी संध्याकाळी भरली. शनिवारी ते गेले. त्यानंतर आठवड्याने आत्याने गावातल्या दुकानातून फोन केला. रडली नाही. आईला म्हणाली, "भरून ठेवलीय म्हणाला होता मला. ती तेवढी आण. तिकडे ऐकू नको. आपण दोघी मिळून ऐकू." आईने कॅसेट कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

विक्रीची जबाबदारी सावंतकाकूंनी घेतली. त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत, वीस वर्षे दुबईत होत्या, आणि त्या इमारतीतून जाणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाचे सामान त्यांच्या देखरेखीखाली विकले गेले होते. बुधवारी त्या वही घेऊन आल्या, आईसमोर बसल्या आणि सांगू लागल्या. चिठ्ठ्या तीन ठिकाणी लावायच्या, खालच्या ग्रोसरीत, लाँड्रीत आणि सुपरमार्केटच्या फळ्यावर. चिठ्ठीत फोन नंबर आणि वेळ, कारण लिहायचे नाही. फ्रिज चालू ठेवायचा, आत थंड पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. माणसाला फ्रिजमधले गार पाणी प्यायला दिले की तो फ्रिज चालतो का म्हणून विचारत नाही. टेप, मिक्सर, इस्त्री, सगळे प्लगला लावून ठेवायचे. मोठ्या वस्तू आत, बारीक वस्तू दाराशी, म्हणजे कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. बारीक वस्तू सुट्या विकायच्या नाहीत, एकसारख्या एकत्र बांधायच्या. पहिला भाव सांगेल त्याला हो म्हणायचे नाही, पण दुसऱ्यांदा दार उघडून आत आला तर सोडायचा नाही.

"आणि सुनंदा, विचारलं तर सांगायचं, मोठ्या फ्लॅटात चाललोय," काकू म्हणाल्या. "कायमचे निघालेत कळलं की लोक थांबतात. म्हणतात, शेवटच्या दिवशी फुकट देतीलच. त्यात बाई एकटी आहे कळलं की खलास."

"खोटं बोलायचं?"

"बोलू नकोस. टिकली लाव, मंगळसूत्र घाल. बाकी त्यांचं त्यांना कळेल."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "काकू, अजून महिना नाही झाला."

"म्हणूनच सांगतेय. एका दिवसाचा प्रश्न आहे. त्यांचे बूटही दाराशी ठेव."

मी खोलीतून म्हणाले, "दॅट्स डिसगस्टिंग." मी तेव्हा घरात इंग्रजीतच उत्तरे देत असे. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुझ्या कॉलेजची फी डिसगस्टिंग नसते ना, ती भरावी लागते. किती किंमत येते ते बघ आणि मग इंग्लिश बोल."

शुक्रवार एरवी आमच्याकडे मासळीचा दिवस. बाबा सकाळी सहाला देऱ्याच्या बाजारात जात, साडेसातला पिशवी सिंकमध्ये उतरवत, आणि विळीवर नारळ खवल्याचा आवाज सुरू झाला की मला जाग येई. त्या शुक्रवारी सावंतकाकूंनी पातेलेभर पोहे आणले. आम्ही ते उभ्याने खाल्ले, कागदाच्या बशांतून, कारण बशा डझनाने बांधून दाराशी ठेवल्या होत्या. आईने आरशासमोर उभे राहून टिकली लावली. ती लावताना मी पाहिले. हात स्थिर होता. बाबांचे काळे बूट दाराशी होते, पॉलिश केलेले. पॉलिश कोणी केले ते मी विचारले नाही.

आठलाच माणसे आली. पहिली एक मल्याळी नर्स, तिने भांडी पाहिली, पाहता पाहता विळी उचलली, खवणीच्या दातांवरून बोट फिरवले आणि भाव न करता दहा दिरहम दिले. मग फ्रिजसाठी एक पठाण ड्रायव्हर आला. तो थंड पाणी प्यायला, त्याने फ्रिजच्या दाराचे रबर तपासले, मागे वाकून पाहिले.

"बाजी, लास्ट बोलो."

"तीन सौ," आई म्हणाली.

"पुराना है. दो सौ. साहब से पूछ लो."

"साहब साइट पे गए हैं. मैंने फोन पे पूछा है. ढाई सौ बोले हैं."

तो बुटांकडे पाहून म्हणाला, "जुम्मे को भी साइट?" मग अडीचशे मोजले. काकू माझ्या कानाशी हिशेब करत होत्या, "अडीचशे म्हणजे एकवीसशे रुपये. बरे आले." आई तोपर्यंत पुढच्या माणसाकडे वळली होती. दिवसभरात तिने बाबांच्या नावावर असे सात भाव ठरवले. मी मोजले होते. एकदा, पंख्याच्या वेळी, ती स्वतःहून म्हणाली, "साहब नाराज होंगे."

माझ्याकडे दाराशी ठेवलेल्या बारीक वस्तू होत्या. कॅसेटचा पुठ्ठ्याचा खोका त्यातच होता. गाण्यांच्या वेगळ्या, रिकाम्या वेगळ्या. रिकाम्या कॅसेटला गिऱ्हाईक हमखास असते, कामगारांच्या कॅम्पमधली मुले घरी पाठवायचे बोलणे भरायला घेतात, असे काकूंनी सांगितले होते. म्हणून ज्या कॅसेटवर काही लिहिलेले नव्हते त्या मी टेपमध्ये घालून थोड्या थोड्या वाजवून बघत होते. काही ऐकू आले तर बाजूला, नाही आले तर रिकाम्यांत. अशा पाच निघाल्या.

अकराच्या सुमाराला कपाट गेले. तीन माणसे दोरखंड घेऊन आली होती, खाली पिकअप उभी होती, पोलीस दंडाची चिठ्ठी लावतील म्हणून घाई करत होती. "यल्ला, यल्ला, खाली करो." त्याच वेळी बाल्कनीतून एक माणूस हातात तांब्या घेऊन आत आला. तांब्याच्या तोंडाला लाल कापड बांधलेले होते. अस्थी घरात ठेवायच्या नाहीत म्हणून आईने तो बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीच्या हुकाला टांगला होता. बाल्कनीतली वॉशिंग मशीन विकायची होती, ती बघायला तो गेला होता.

"ये तांबे का है? कितने का?"

आईने किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या हातात दिला आणि त्या माणसाजवळ गेली. "ये बेचने का नहीं है," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला. तो समोर सावंतकाकूंच्या बाल्कनीत ठेवून परत यायला तिला पाच-सात मिनिटे लागली असतील. तेवढ्यात काकूंनी कपाट रिकामे केले. कपडे चादरीत बांधले. लॉकरमधले पासपोर्ट आणि दागिने आईच्या पर्समध्ये घातले, उरलेले पलंगावर ओतले आणि मला म्हणाल्या, "हे बारकंसारकं बघ." एक टॉर्च, नेलकटर, चाव्यांची रिकामी कडी आणि एक कॅसेट.

कॅसेटवर काही लिहिलेले नव्हते. मी ती टेपमध्ये घालून बटण दाबले. काही सेकंद नुसती खरखर झाली आणि बटण आपोआप वर आले. मी ती सहावी म्हणून रबरबँडखाली घातली.

नंतर तीस वर्षे वर्तमानपत्रात काम करताना, एखाद्या अपघाताची घटनाक्रमाने बातमी लिहायची वेळ आली की मी हा क्रम मनात लावून पाहत असे. कॅसेट थोडी मागे फिरवून वाजवली असती तर कळले असते. बाबा भरून झाल्यावर कॅसेट मागे फिरवत नसत. ते काम आत्या करायची; हाताला कॅसेट कुठल्या बाजूला जड लागते त्यावरून तिला कळायचे.

दोननंतर, दार पुन्हा उघडल्यावर, शिगवण नावाचे गृहस्थ आले. तिशीचे, हातांना लोखंडाच्या गंजाचा रंग बसलेला, खांद्याला कंपनीचे नाव छापलेली पिशवी. आम्ही आपसात मराठी बोलतो हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, तुम्ही कुठल्या?"

"गुहागर साइड," मी म्हणाले.

"आम्ही शिगवण, लांज्याचे. इकडे अल कूझला सळ्या बांधायचं काम. या कॅसेट चालतात ना?"

"रिकाम्या आहेत. मी चेक केल्यात."

"घरी पाठवायच्यात. बायकोला वाचता येत नाय, मना लिवता येत नाय. जमलं जोडपं." ते हसले. पंधरा सांगितले होते, दहा दिले. जाताना त्यांनी आईला नमस्कार केला. "येतो वहिनी. दादांना सांगा, लांज्याचा माणूस आला होता."

आई म्हणाली, "सांगते."

पाच वाजता काकूंनी दार लावले. घरात दोन गाद्या, चार बॅगा आणि भिंतींवर कपाट-फ्रिजच्या जागचे फिकट चौकोन उरले. आईने तोंड धुतले. परत आली तेव्हा कपाळ रिकामे होते आणि गळा रिकामा होता.

शनिवारी सकाळी पर्समधल्या वस्तू लावताना तिने विचारले, "लॉकरमधली कॅसेट कुठाय?"

"विच कॅसेट?" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळले. मी सगळे सांगितले. ती ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ माझ्याकडे नाही, प्लगच्या मोकळ्या भोकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव काय म्हणाला होता तो?"

नाव, तालुका, अल कूझ आणि पिशवीवरचे कंपनीचे नाव, एवढे मला आठवत होते. सावंतकाका रविवारी फोन करत राहिले. सोमवारी संध्याकाळी, कामाच्या बसेस परत येतात त्या वेळी, त्यांनी आम्हाला गाडीतून कॅम्पवर नेले. बायकांना आत सोडत नव्हते. आम्ही फाटकापाशी थांबलो. आत नळांवर रांगा होत्या, डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता, कुठल्या तरी खोलीत मोठ्याने पंजाबी गाणे लागले होते. शिगवण ओल्या केसांनी बाहेर आले. आईला पाहून आधी हसले. मग त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून गळ्यावर. हसणे थांबले.

सावंतकाकांनी थोडक्यात सांगितले. शिगवण धावत आत गेले आणि पाच कॅसेट घेऊन आले, खोलीतल्या कोणाचा तरी टेपही काखेत होता. पहारेकऱ्याच्या टेबलावर आम्ही पाचही कॅसेट दोन्ही बाजूंनी पाहिल्या. पाचही रिकाम्या होत्या.

"सहावी?" काका म्हणाले.

"सहावी मी शुक्रवारी रात्रीच भरली," शिगवण म्हणाले. "गाववाला शनिवारी निघाला सुट्टीवर, त्याच्याजवळ दिली. मी वाजवून बघितली नाय, वहिनी. मागे फिरवली आणि बोलत सुटलो. रिकामी म्हणाली ना ताई."

मी खाली पाहत होते. आईने विचारले, "पूर्ण भरलीत?"

"नाय. माझं काय, वीसेक मिनटं. जास्त कुठं येतं बोलायला." मग त्यांना त्याचा अर्थ उमगला. "पुढचं राहिलं असंल. वहिनी, पुढचं राहिलं असंल त्याचं. तुम्ही गावाला जा. मी पत्ता देतो. माझं पुसलं तरी चालंल, तुमचं तेवढं घ्या. मी परत बोलीन." पत्ता सावंतकाकांनी लिहून घेतला. शिगवणांनी खिशातून दहा दिरहम काढून माझ्या हातात द्यायचा प्रयत्न केला. मी घेतले नाहीत.

बुधवारी आम्ही निघालो. तांब्या आईच्या मांडीवर होता. गावी पोचलो तेव्हा आत्या ओटीवर बसली होती. पावलांवरून तिने दोघींना ओळखले, आईच्या गालांवरून हात फिरवला आणि विचारले, "आणलीस?"

"मागून येतेय," आई म्हणाली.

अस्थी विसर्जन आणि बाकीचे विधी होईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत आत्याने पुन्हा विचारले नाही. तिचा टेप ओटीवरच्या फळीवर होता, त्यावरचे फडके तिने रोज झटकले. बाराव्या दिवशी आई आणि मी एसटीने लांज्याला गेलो, तिथून पुढे दीड तास चालत. शिगवणांची बायको शेणी थापत होती. तिने हात धुतले, आम्हाला पाणी दिले, गूळ दिला. आईने येण्याचे कारण सांगितले. ती ऐकत ऐकत खाली बसली.

"कॅसेट नाय हो आता," ती म्हणाली. "शिपोशीचा एक जण परवा दुबईला गेला. त्याच्याजवळ परत धाडली. मी बोलले, मग पोरांनी कविता म्हटल्या. पोरांनी दोन्ही बाजू पार संपेपर्यंत भरल्या."

आईने विचारले, "त्याआधी ऐकली होती? शेवटपर्यंत?"

"ऐकली तर. ह्यांचं बोलून झालं, मग दुसराच बाप्या बोलाय लागला. मना वाटलं, ह्यांच्या खोलीतला कोण असंल."

त्यानंतर दीड महिन्याने शिगवणांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेले पत्र आले. कॅसेट पोचली होती. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी तीनदा ऐकली होती. तिच्यात त्यांची बायको आणि मुले होती, दुसरे कोणी नव्हते.

त्या दिवशी लांज्याला जाताना मी दप्तरातली वही बरोबर नेली होती. शिगवणबाईंना जे आठवत होते ते त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितले, त्याच क्रमाने. त्यांना आठवलेली वाक्ये चार होती. पोर आता इंग्रजीच बोलते. कोकम संपत आले आहे. मे महिन्यात दोन आठवडे सुट्टी मिळेल. तायडे, गुडघा कसा आहे? त्यानंतर कोणी बोलले नाही, असे त्या म्हणाल्या. नुसती खरखर होती. आणखी काही असेल म्हणून त्या थांबल्या होत्या, मग टेप संपली.

लांज्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आत्याला खरे काय ते सांगितले. आत्याने मला जवळ बसवले आणि वही वाचायला सांगितली. मी मराठी हळू वाचत असे. तीन वाक्ये वाचली, मग चौथे वाचले, आणि वही मिटली.

आत्याने गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "दुखतो रे."